शेवट नसलेली साक्ष: तरुणांसाठीच्या एका ख्रिस्ती दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान ख्रिस्ती उपग्रह वाहिनीवरील साप्ताहिक कार्यक्रमाचे आहे. वाहिनी कोणत्याही एका पंथाच्या मालकीची नाही. वेगवेगळ्या मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, आणि वैयक्तिक देणगीदारांच्या आधारावर ती चालते. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून स्थळ, नावे आणि काही किरकोळ तपशील वगळले किंवा बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणातून शिकण्यासारखे जे आहे ते त्या क्रमातच आहे.

कार्यक्रम तेरा ते पंचवीस या वयोगटासाठी होता. त्याची मांडणी अनेक वर्षे बदलली नव्हती: सुरुवातीला दोन गीते, मग पवित्र शास्त्रावरील प्रश्नमंजूषा, त्यानंतर एखाद्या तरुणाची किंवा तरुणीची साक्ष आणि शेवटी पाळकांचा छोटा संदेश. साक्षीचा साचाही ठरलेला होता. आधी भरकटलेले आयुष्य, मग संकट, मग प्रभूची ओळख आणि अखेरीस बदललेले जीवन. अशा साक्षी खोट्या असतात असे मुळीच नाही, आणि त्यांनी अनेकांना धीर दिला आहे. पण दर आठवड्याला प्रत्येक साक्ष त्याच ठिकाणी येऊन थांबू लागली की, जो अजून तिथे पोहोचलेला नाही त्याला त्या पडद्यावर जागा उरत नाही.

ख्रिस्ती दूरचित्रवाणीत हे वय नेहमीच मधल्या मध्ये राहिले आहे. लहान मुलांसाठी बायबलच्या कथा आणि चित्रमालिका असतात, मोठ्यांसाठी संदेश आणि उपासना असते. तरुणांसाठी प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मदर अँजेलिका यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या ईडब्ल्यूटीएन या कॅथलिक वाहिनीने १९९५ मध्ये तरुणांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आणला आणि अमेरिकेतील टीबीएन या ख्रिस्ती वाहिनीसमूहाने २००२ मध्ये जेसीटीव्ही ही वेगळी वाहिनीच उभी केली. तरीही बहुतेक लहान वाहिन्यांवर तरुणांचा कार्यक्रम म्हणजे मोठ्यांच्या कार्यक्रमाचीच थोडी वेगवान आवृत्ती असते.

याचे एक कारण पैशाच्या वाटेत आहे. अमेरिकन धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांच्या वाहिनीने १९६३ मध्ये दरमहा १० डॉलर देणारे ७०० प्रेक्षक मिळावेत असे जाहीर आवाहन केले आणि त्या आकड्यावरूनच पुढे त्यांच्या प्रमुख कार्यक्रमाचे नाव पडले. प्रेक्षकांच्या देणगीवर वाहिनी चालवण्याची ही रीत जगभर रुजली. तिच्यामुळे जाहिरातदारांपासून स्वातंत्र्य मिळाले, हे मोठे काम झाले. पण देणगी देणारा प्रौढ असतो आणि तरुणांचा कार्यक्रम बघणारा प्रौढ नसतो. कार्यक्रम कोणाला आवडला पाहिजे, हा प्रश्न त्यामुळे दोन ठिकाणी विभागला जातो. या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक निर्णयावर त्याची छाया होती.

अडचण

कार्यक्रमाची नवी निर्माती रुजू झाल्यावर तिने पहिले काम केले ते आलेली पत्रे आणि संदेश वाचण्याचे. कौतुक भरपूर होते. मात्र ते जवळपास सगळे आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी आणि संडे स्कूलच्या शिक्षकांनी लिहिले होते. त्यानंतर ती काही मंडळ्यांच्या तरुण संघांमध्ये जाऊन मुलांबरोबर बसून कार्यक्रमाचे जुने भाग बघू लागली. मुलांना कार्यक्रम माहीत होता, कारण घरात तो लावला जात असे. स्वतःहून लावणारे फारच थोडे होते. एका बैठकीत एका मुलीने सांगितले की कार्यक्रमात आमचे प्रश्न येतात, पण त्यांचे उत्तर तयार झाल्यानंतरच येतात. निर्मातीने हे वाक्य जसेच्या तसे संचालक मंडळासमोर ठेवले.

पर्याय

मंडळापुढे चार मार्ग होते. कार्यक्रम बंद करून त्या वेळेत जुने संदेश पुन्हा दाखवण्याचा मार्ग कोणालाच मनापासून नको होता, त्यामुळे तो लवकर बाजूला पडला. दुसरा मार्ग देखणेपणाचा होता: नवे सेट, वेगवान संकलन, लोकप्रिय ख्रिस्ती बँडची गाणी. यात गाण्याच्या रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे असे दोन्ही हक्क घ्यावे लागतात, आणि दूरचित्रवाणीसाठी घेतलेली परवानगी इंटरनेटवरील फितीला आपोआप लागू होत नाही. खर्च वाढला असता. त्या मुलीची तक्रार मात्र तिथेच राहिली असती.

तिसरा मार्ग दूरचित्रवाणी सोडून केवळ फोनवर जाण्याचा होता आणि तरुण सहकाऱ्यांचा त्याला जोरदार पाठिंबा होता. त्यांचा मुद्दा उघड होता, कारण मुले फोनवरच आहेत. पण उपग्रह प्रक्षेपणाचे जे मोल आहे ते या वादात अनेकदा विसरले जाते. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी १९९६ पासून प्रक्षेपण करणाऱ्या सॅट-७ सारख्या वाहिन्यांचे कामच या गोष्टीवर उभे आहे की, जिथे मंडळीत जाणे अवघड आहे तिथेही डिश अँटेना पोहोचतो आणि कोण काय बघत होते याची नोंद मागे राहत नाही. फोनवर ती राहते. ज्या मुलाचा फोन घरातील इतरांच्या हाती असतो, किंवा ज्याच्याकडे स्वतःचा फोनच नाही, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

चौथा मार्ग निवडला गेला. कार्यक्रम दूरचित्रवाणीवरच ठेवायचा, त्याचे छोटे अंश फोनसाठी काढायचे आणि मांडणी मुळापासून बदलायची. चार-पाच तरुण आणि एक पाळक गोल बसतील, प्रश्न तरुणांचे असतील आणि उत्तर आधी लिहून ठेवलेले नसेल. मंडळाला पटवताना निर्मातीने लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेचा आधार घेतला: पुनरुत्थित येशू त्या दोन निराश शिष्यांना गाठतो, तेव्हा आधी त्यांचे बोलणे विचारतो, पूर्ण ऐकून घेतो आणि मग शास्त्र उलगडतो. तरुणांविषयी ऑक्टोबर २०१८ मध्ये रोममध्ये भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, आपल्या अंतिम दस्तऐवजाला याच कथेचा आधार दिला होता. मंडळातील प्रोटेस्टंट सदस्यांनाही तो दाखला आपलाच वाटला, कारण तो शास्त्रातलाच होता.

पहिला कठीण निर्णय: चित्रफीत

तिसऱ्या भागाच्या चित्रीकरणात सतरा वर्षांचा एक मुलगा सहभागी झाला होता. मंडळीतच वाढलेला, गायनवृंदात गाणारा, पाळकांनी आणि त्याच्या तरुण संघाने आनंदाने सुचवलेला. विषय प्रार्थनेचा होता. बोलता बोलता त्याने आपल्या मोठ्या बहिणीच्या आजारपणाविषयी सांगितले. साऱ्या मंडळीने तिच्यासाठी उपास करून प्रार्थना केली होती आणि ती तरीही गेली. मी उपासनेला येतो, गातो, पण तेव्हापासून प्रार्थना करता येत नाही, आणि देव ऐकतो की नाही हे मी कोणाला खात्रीने सांगू शकत नाही, असे म्हणून तो थांबला. पुढे काहीच बोलला नाही.

दिग्दर्शकाने सवयीने कॅमेरा थांबवून त्याला समजावले की आता तुझ्या मनाला शांती मिळाली आहे, तेवढे एक वाक्य घेऊ. निर्मातीने पुन्हा चित्रीकरण करण्यास नकार दिला. मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच वाटतो, आणि तो काही सेकंदांचा होता. मुलगा भिडस्त होता. मोठ्यांनी सांगितले असते तर त्याने ते वाक्य म्हटले असते. देवासमोर ज्याला खोटे बोलायचे नव्हते त्याच्याकडून कॅमेऱ्यासमोर ते बोलवून घेतले गेले असते, आणि तेही विश्वासाच्या नावाने.

फितीचे काय करायचे यावर दोन बैठका झाल्या. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्याचा विरोध ठाम होता आणि तो हलका मानण्याजोगा नव्हता. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याविषयी येशूने जे कठोर शब्द उच्चारले आहेत, ते त्यांनी वाचून दाखवले. ज्यांचा विश्वास अजून कोवळा आहे अशा मुलांपुढे उत्तर नसलेली शंका ठेवून आपण उठून जायचे का, असा त्यांचा प्रश्न होता. कार्यक्रमातील पाळकांनी ८८व्या स्तोत्राकडे लक्ष वेधले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मार्काच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाचा बापही विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच श्वासात कबूल करतो आणि येशू त्याला परत पाठवत नाही. दोन्ही बाजूंना शास्त्राचा आधार होता, म्हणून शास्त्राचा आधार देऊन हा वाद मिटला नाही.

शेवटी तडजोड झाली. मुलाचे बोलणे न कापता दाखवायचे आणि त्यानंतर पाळकांचे तीन मिनिटांचे स्पष्टीकरण जोडायचे.

दुसरा निर्णय: संमती

आई-वडिलांची सही चित्रीकरणाच्या आधीच घेतलेली होती. कायदेशीर बाजू त्यामुळे पूर्ण होती. पण सही करताना मुलगा काय बोलणार आहे हे कोणालाच माहीत नव्हते, खुद्द त्यालाही नाही. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेच्या प्रक्षेपण संहितेतील नियम १.२८ येथे मार्गदर्शक ठरतो. अठरा वर्षांखालील सहभागींच्या शारीरिक व भावनिक हिताची आणि सन्मानाची योग्य काळजी घेतली पाहिजे, आणि ही जबाबदारी मुलाने किंवा पालकांनी संमती दिली असली तरी कायम राहते, असे तो सांगतो. ही वाहिनी त्या संहितेच्या कक्षेत येत नव्हती, तरी निर्मातीने तो निकष मानला. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करारही मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क आणि त्याच्या खासगीपणाचा हक्क, दोन्ही मान्य करतो. या प्रकरणात हे दोन हक्क एकमेकांसमोर उभे होते.

संकलित भाग मुलाला आणि त्याच्या पालकांना दाखवला गेला. आईला तो बघणे कठीण गेले. बहिणीचे नाव काढावे एवढीच विनंती मुलाने केली आणि ती मान्य झाली. नको म्हटलेस तर कोणी रागावणार नाही, असे त्याला स्वतंत्रपणे, पालक समोर नसताना सांगितले गेले. त्याने होकार दिला. एवढी काळजी घेणाऱ्या वाहिन्या मी फार पाहिलेल्या नाहीत.

प्रक्षेपण आणि त्यानंतर

भाग प्रसारित झाला आणि तरुणांचे संदेश पहिल्यांदाच मोठ्या संख्येने आले. अनेकांनी आपापल्या घरातील मृत्यूंविषयी, घटस्फोटांविषयी, न मिळालेल्या उत्तरांविषयी लिहिले. पाळकांच्या स्पष्टीकरणाविषयीही बरेच आले, आणि ते एकसुरी होते: त्या तीन मिनिटांनी मुलाचे बोलणे परत घेतल्यासारखे वाटले. स्पष्टीकरणातील प्रत्येक वाक्य बरोबर होते, फक्त ते मुलाला उद्देशून नव्हते. ते प्रेक्षकांना आणि खरे तर देणगीदारांना उद्देशून होते, आणि तरुणांनी ते ओळखले.

खरी हानी दुसरीकडून झाली. वाहिनीच्या समाजमाध्यमांचे काम एक उत्साही स्वयंसेवक बघत असे. त्याने मुलाच्या बोलण्यातील सर्वांत तीव्र तेवढा भाग कापून, वर प्रश्नार्थक मथळा देऊन फीत टाकली. गोल बसलेले मित्र, त्यांचे ऐकणे, पाळकांचा त्याच्या खांद्यावरचा हात, यातले काहीच तीत नव्हते. हेतू चांगला होता. पण ज्या फितीवर दोन बैठका झाल्या तिचाच तुकडा कोणालाही न विचारता बाहेर गेला. तो हजारो अनोळखी लोकांनी पाहिला. कोणी खाली उपदेश लिहिले, कोणी त्याच्या आई-वडिलांच्या विश्वासावर बोट ठेवले, तर देव न मानणाऱ्या काहींनी तो आपल्या वादासाठी वापरला. त्याच्या मंडळीत पुढच्या रविवारी त्याला न विचारता पुढे बोलावले गेले आणि सर्वांसमोर त्याच्यासाठी प्रार्थना करण्यात आली. त्यानंतर कित्येक आठवडे तो तरुण संघात आला नाही.

वाहिनीने फीत काढून टाकली, कुटुंबाची भेट घेऊन क्षमा मागितली आणि ज्या खात्यांवरून ती पुन्हा टाकली गेली होती त्यांना ती हटवण्याची विनंती केली. काहींनी ऐकले. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती मात्र परत येत नाहीत. प्रक्षेपण होऊन गेले की विरते. कापलेला तुकडा राहतो. दोन्हींसाठी एकच संमती पुरेशी मानणे ही चूक होती.

याच दरम्यान संदेशांच्या पेटीत आणखी एक धोका वाढत होता. रात्री उशिरा येणाऱ्या संदेशांना एकच स्वयंसेवक आपल्या फोनवरून उत्तरे देत होता. एका अल्पवयीन मुलीने, मी सांगते ते कोणालाही सांगणार नाही असे वचन द्या, अशी मागणी केली, आणि त्याने ते दिले. सुदैवाने त्याला स्वतःलाच अस्वस्थ वाटले आणि त्याने दुसऱ्या दिवशी निर्मातीला कळवले. प्रौढ व्यक्तीने अल्पवयीन मुलाशी एकट्याने, खासगीत, गुप्ततेचे वचन देऊन बोलणे, हे बालसुरक्षेच्या प्रत्येक नियमाच्या विरुद्ध आहे, मग बोलणारा कितीही प्रामाणिक असो. त्या मुलीपर्यंत तिच्या परिसरातील प्रशिक्षित समुपदेशक पोहोचेल याची सोय केली गेली. वचन मोडावे लागणार आहे हे तिला आधी सांगण्यात आले, तिच्या पाठीमागे काही केले गेले नाही.

पुढे काय बदलले

संमती आता दोनदा घेतली जाते: चित्रीकरणापूर्वी आणि संकलन पाहिल्यानंतर. दोहोंमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवले जाते, कारण चित्रीकरणाच्या भारावलेपणात दिलेला होकार त्या अंतरात बदलू शकतो. इंटरनेटवरील अंशांसाठी वेगळी संमती असते आणि तो अंश कार्यक्रमाचा संपादकच काढतो. संदेशांना उत्तर वाहिनीच्या खात्यावरूनच दिले जाते, दोन प्रशिक्षित व्यक्तींना ते दिसते, आणि जिवाला धोका वाटल्यास आम्ही हे पुढे कळवू, हे पहिल्याच उत्तरात लिहिलेले असते.

मांडणीतही बदल झाला. शेवटचे स्पष्टीकरण काढून टाकले गेले. पाळक आता संभाषणातच बोलतात, बहुतेक वेळा प्रश्न विचारतात, आणि उत्तर द्यायचे असेल तर समोर बसलेल्या तरुणाच्या डोळ्यांत बघून देतात. त्यामुळे उत्तरे लहान झाली. थोमा शंका घेत असताना आठ दिवस शिष्यांच्याच सोबत राहिला आणि त्यांनी त्याला बाहेर काढले नाही, हे योहानाच्या विसाव्या अध्यायातील वर्णन ते नव्या सहभागींना चित्रीकरणाआधी वाचून दाखवतात.

एका मोठ्या मंडळीने देणगी थांबवली आणि ती पुन्हा सुरू झालेली नाही. त्यामुळे वर्षातील भागांची संख्या कमी करावी लागली. त्या मुलाने पुन्हा कार्यक्रमात येण्यास नकार दिला; तो कुटुंबासोबत उपासनेला जातो, एवढे त्याच्या वडिलांनी कळवले, आणि वाहिनीने त्यापुढे विचारणे थांबवले आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, त्या मुलाच्या स्वतःच्या पाळकांना प्रक्षेपणापूर्वी विश्वासात घ्यायला हवे होते, अर्थात मुलाच्या परवानगीने. वाहिनीने मुलाची आणि पालकांची काळजी घेतली. मंडळीची तयारी करायला ती विसरली. रविवारी जे घडले ते द्वेषातून घडले नाही. काय करावे हे न कळलेल्या, पण त्या मुलावर प्रेम असलेल्या लोकांकडून ते घडले. त्यांना आधी एक फोन गेला असता तर कोणीतरी त्याच्याजवळ शांतपणे बसले असते.

दुसरी गोष्ट तडजोडीबद्दल आहे. ज्येष्ठ सदस्याची चिंता खरी होती, पण तिचे उत्तर स्पष्टीकरणात नव्हते, सोबतीत होते. कोवळ्या विश्वासाच्या प्रेक्षकाला एकटे सोडायचे नसेल, तर भाग संपताना बोलण्यासाठी सुरक्षित जागा, संपर्काचा मार्ग आणि तरुण संघांसाठी चर्चेचे प्रश्न द्यायला हवे होते. हे सगळे नंतर सुरू झाले. पहिल्याच दिवशी असते तर त्या रात्रीच्या संदेशांचा भार एका स्वयंसेवकावर पडला नसता. आणि तो ज्येष्ठ सदस्य विरोधक म्हणून हरला नसता, तर या सोयीचा प्रमुख झाला असता. त्याच्यात ती कळकळ होती.

तिसरी गोष्ट अजून उघडी आहे. वाहिनीच्या संग्रहात जुन्या मांडणीतील कितीतरी साक्षी आहेत. त्या देताना मुले चौदा-पंधरा वर्षांची होती. एकदाच घेतलेल्या संमतीवर त्या आजही इंटरनेटवर दिसतात, आणि त्यांतील काहींचे शेवट पुन्हा चित्रीकरण करून घेतलेले आहेत. ती मुले आता प्रौढ झाली आहेत. निर्मातीने प्रत्येकाला शोधून विचारावे आणि उत्तर येईपर्यंत फिती खाली घ्याव्यात असा प्रस्ताव मांडला आहे. मंडळातील काहींच्या मते त्या साक्षींनी आजही लोकांना आधार मिळतो आणि तक्रार आल्याशिवाय त्या काढू नयेत. मला निर्मातीचा प्रस्ताव योग्य वाटतो, कारण तक्रार करण्यासाठी आधी त्या व्यक्तीला हे माहीत असावे लागते की तिला तक्रार करण्याचा हक्क आहे. हा विषय मंडळाच्या पुढील बैठकीच्या कार्यसूचीवर आहे.